आत्या आणि तिची टिंग

गाडीवर ओरडणारे ड्रायव्हर मी खूप पाहिलेत, पण गाडीच्या प्रत्येक टिंगला माणसासारखं उत्तर देणारी अख्ख्या मावळात एकच, माझी आत्या. मी लहान असताना परंदवडीच्या आमच्या घरात वाजेल अशी वस्तूच नव्हती. वडील दुसऱ्याच्या खाचरात भात लावायला जायचे आणि आत्या दुसऱ्याच्या पॉलीहाऊसमध्ये गुलाब कापायची. वाजायचं ते फक्त पातेल्यावरचं झाकण; ते वाजलं की समजायचं, आज काहीतरी शिजतंय. त्याच आत्याने पन्नाशी जवळ आल्यावर गाडी शिकून जुनी व्हॅन घेतली आणि लोणावळ्याच्या हॉटेलांना गुलाब पोचवायला लागली. कॉलेजला असताना रोज सकाळी घोरावाडी स्टेशनला मला तीच सोडायची.

व्हॅन चालू झाली की यांचा संवाद सुरू. टिंग झालं की "व्हय बाई, लावती पट्टा, जरा दम धर!" पेट्रोल कमी झालं की "आत्ता तर प्यायलीस, लगीच भूक?" दार अर्धवट लागलं असेल तर टिंगच्या आधी मलाच बोलणी बसायची, "तुज्यापायी मला ऐकावं लागतंय." गुलाबांचा भिजलेला खोका शेजारच्या सीटवर ठेवला की गाडी कोकलायची. मग आत्या खोक्यालाच पट्टा बांधायची आणि वाटेत भेटलेल्यांना सांगायची, "पावनं हायत, लोनावळ्याला निघाल्यात."

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि वराळ्याजवळच्या कारखान्यात, गाड्यांचे डॅशबोर्ड बनतात तिथे, नोकरीला लागले. मोठ्या तोऱ्यात आत्याला समजावलं, की आत कोणी बसलेलं नाही. सीटखाली वजन ओळखणारी पट्टी असते, पट्ट्याच्या खाचेत बटण असतं. वजन आहे आणि पट्टा नाही, असा निरोप तारेतून गेला की डॅशबोर्डमधला इवलासा कॉम्प्युटर बझर वाजवतो. एकदम दोन तक्रारी आल्या तर आधी कोणती वाजवायची, हेही तोच ठरवतो. आत्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "वजन कळतं, पर गुलाब हाय का मानूस ते कळत न्हाई? नाक बसवायला इसरला व्हय तुमी?"

गेल्या वर्षी एकदा तिच्याबरोबर लोणावळ्याला निघाले होते. हँडब्रेक थोडा वर राहिला होता. टिंग टिंग चाललेली, जळका वास सुटलेला, आणि आत्या गप्प. टिंगला उत्तर न देणारी आत्या मी पहिल्यांदाच पाहत होते. "आत्या, ऐकू येत नाही का?" म्हटलं, तर ती खुशीत म्हणाली, "काय ऐकायचं? लय शानी झालीय गाडी. आताशा गपच असती."

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयानुसार बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज तिला छान ऐकू येतात. आतेभावाने मात्र लगेच निर्णय दिला, "आई, बास आता. इकू गाडी."

"मग मला बी इक तिच्यासंगट," आत्या म्हणाली आणि जेवण टाकून ओट्यावर जाऊन बसली. चावी मुठीत.

आमच्या गाडीतला तो जुना बझर म्हणजे पातळ चकती, थरथरली की किनरी किंचाळणारी. मी एक छोटं सर्किट जोडलं. त्या चकतीला इशारा आला की ते बारक्या स्पीकरमधून जाड, ठसठशीत आवाज काढायचं, बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारखा. आतेभावाला शेजारच्या सीटवर बसवलं आणि आत्याला म्हटलं, चालव.

पट्टा लावायचा राहिलाच होता. टंग. टंग. टंग.

आत्या दचकली. मग डॅशबोर्डवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "आलीस व्हय गं? कुटं गेलतीस इतके दिस?"

गाडी विकायचं आतेभावाने पुन्हा काढलं नाही.

जाड आवाजही कधीतरी तिच्या कानांतून जातील, ते मला ठाऊक आहे. पण आज सकाळीच ती घोरावाडीला मला सोडून गेली. गाडी वळली तरी तिचा आवाज येत होता, "लावती गं बये, लावती!" आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि माझी आत्या अजून स्वतःची गाडी स्वतः चालवते.