अळंबीच्या कॅप्सूल आणि घाटातली सहा मिनिटं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही फजिती मी मोठ्या अभिमानानं सांगणार आहे. अहो, भर सभेत, लाउडस्पीकर लावून झालीय! अशी कुणाची होते?

मी जव्हारच्या एका शाळेत खेळाचा मास्तर. ऐन पंचविशीत अख्खा घाट एका दमात चढायचो. पन्नाशी उलटली आणि नुसती शिट्टी वाजवली तरी धाप लागायला लागली. ठाण्याच्या पुतण्यानं औषधी अळंबीची पावडर पाठवली. म्हणाला, "काका, थकवा जातो, दम वाढतो. जिममधली सगळी पोरं घेतात."

दुसरा कुणी असता तर दुधात कालवून प्याला असता. मी म्हटलं, आधी प्रयोग!

आमच्या विज्ञानाच्या गावित मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "सर, कुठली पुडी कसली हे तुम्हालाच कळता कामा नये. नाहीतर पाय राहतात जागेवर आणि मनच पळतं." त्यांनी रिकाम्या कॅप्सूल आणल्या. काहींत अळंबी भरली, काहींत भाजलेल्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ. एक पांढरी डबी, एक लाल. कशात काय, ते चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद.

रोज सकाळी घाटाच्या पायथ्यापासून वरच्या वळणापर्यंत चढायचं आणि घड्याळ बघायचं. सोबतीला आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या सखूबाई. त्या जामसर गावाकडून चालत येतात, डोईवर भाजीची पाटी घेऊन.

पहिला आठवडा पांढऱ्या डबीचा. पाय कसे, शिशाचे! दुसऱ्या आठवड्यात लाल डबी उघडली, आणि काय सांगता? तब्बल सहा मिनिटं कमी! मी पळत नव्हतो हो, उडत होतो!

"लाल म्हणजेच अळंबी!" मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं.

"सर, पाकीट अजून उघडलेलं नाही," गावित मॅडम म्हणाल्या.

"पाकीट कशाला? माझ्या पोटऱ्या बघा!"

संध्याकाळपर्यंत अकरा शिक्षकांनी नावं नोंदवली. मी पुतण्याला फोन करून अकरा डबे पाठवायला सांगितले. मुख्याध्यापकांनी तर शनिवारी सगळ्या शाळेसमोर पाकीट फोडायचं ठरवलं. मी नवा ट्रॅकसूट घेतला. सभेत वीस मिनिटं बोललो. वय म्हणजे काय, दम म्हणजे काय, आणि मी म्हणजे काय!

मग गावित मॅडमनी पाकीट फाडलं, चिठ्ठी वाचली. एकदा मनात, एकदा माईकवर.

"पांढरी डबी, अळंबी. लाल डबी... नागली."

मैदान असं हसलं म्हणता! मुख्याध्यापकांनी रुमाल तोंडाला लावला, तोही हलत होता.

मी हार मानणारा नव्हे. माईक धरून म्हटलं, "मग सहा मिनिटं गेली कुठं?"

मागून सखूबाईंचा आवाज आला. "मी सांगू का, सर?"

"सांगा की!"

"पयल्या हप्त्यात तुमी मना तुमच्या कबड्डीच्या गोष्टी सांगत चालत होते. मंग शाळा सकाळची झाली. मना चूल पेटवायची घाई. मी भराभर पुढं निघाली, आन तुमची गोष्ट अर्धीच होती, म्हनून तुमी माझ्या मागं पळत आले!"

आता सांगा, डोईवर दोन भोपळे घेतलेल्या बाईचा पाठलाग करत मी सहा मिनिटं कमावली होती, आणि तरी एकदाही तिच्या पुढं गेलो नव्हतो!

पण एक सांगतो, मला वाईट वाटलं नाही. उलट छाती फुगली. आमच्या शाळेत खरा प्रयोग झाला होता, खोटं काही खपलं नव्हतं. अकरा डब्यांची मागणी मी तिथूनच, माईकवरूनच रद्द केली. मुलांना म्हटलं, "या तालुक्यातला सगळ्यात दमदार खेळाडू आपल्या स्वयंपाकघरात आहे." टाळ्या अशा पडल्या की सखूबाई पदराआड लपल्या.

सोमवारी घाटाच्या पायथ्याशी मी त्यांना हात जोडले. "बाई, आज पाटी मी घेणार. मान तुमचा."

त्यांनी नको नको म्हणत दिली. मी डोक्यावर घेतली, ताठ मानेनं निघालो. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर टेकलो. तिसऱ्यावर दगड बघून चक्क बसलोच.

सखूबाई थोडा वेळ थांबल्या. मग सूर्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सर, द्या ती पाटी. पोरं उपाशी राहतील."

मी दिली.