माझ्या खिळ्यावरची करवत

बाळांनो, आमचे शेजारी जैन शेतकरी आहेत. हत्यार हातात आलं की ते माणसांशी कमी आणि हत्याराशी जास्त बोलतात.

गेल्या वर्षी त्यांनी सांगलीच्या जुन्या बाजारातून खाटकाची गंजकी करवत आणली. डिझेलने गंज काढला, कानशीने दात्यांना धार लावली, बाभळीची नवी मूठ बसवली. पण त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारातच आडव्या आल्या.

“आवं, हाडं कापायची ती! माझ्या घरात न्हाई यायची.”

“पोलाद लय चांगलं हाय गं. त्याचा काय दोष?”

“मग पोलादासंगं तुमीबी भाईरच झोपा!”

तेव्हापासून करवत माझ्या पडवीतल्या खिळ्यावर राहू लागली. रोज सकाळी फाटकातून हाक येई, “काकू, आमची पावणी द्या.” संध्याकाळी ते ती पुसून आणत आणि तिला बजावत, “ऱ्हा हितंच, गपगुमान.”

एकदा त्यांच्या वासराची मान गव्हाणीच्या फळ्यांत अडकली. ते गुदमरू लागलं, तशा वहिनी धावत माझ्याकडे आल्या आणि त्यांनी स्वतः खिळ्यावरची करवत ओढून नेली. “हळू बाई, हळू,” असं करवतीला सांगत शेजाऱ्यांनी फळी कापली. वासरू सुटलं.

खंडेनवमीला वहिनींनी विळ्या-कोयत्यांशेजारी करवत मांडून तिच्यावर झेंडू वाहिला. आता ती त्यांच्याच घरात असते.

परवा सकाळी ते सवयीने फाटकाशी आले आणि रिकाम्या खिळ्याकडे बघून हसले.

“चुकलो की, काकू.”

“आलाच आहात तर चहा घ्या,” मी म्हटलं. खिळा मी अजून काढलेला नाही.