तोरणाचा दोरा

बायको गेल्याला अजून वर्ष झालेलं नाही आणि घरातल्या वस्तू बघायला माणसं यायला लागली. आधी पितळेच्या डब्यासाठी एक जण आला, त्याला मी दारातूनच परतवून लावला. मग ही बाई आली. चाळिशीची, राहणार गिरगावात, बोलणं पुस्तकातलं. जुन्या घरांतल्या शोभेच्या वस्तूंचा अभ्यास करते म्हणाली. माझ्याकडे मण्यांचं तोरण आहे, हे तिला शेजारच्या वहिनींनी सांगितलं. वहिनींचं तोंड म्हणजे चाळीचा नळ, पाणी असो नसो, उघडाच.

तोरण बायकोच्या रुखवतातलं. लग्नात मुलीच्या हातचं काम मांडतात, मणी लावलेला नारळ, विणलेले रुमाल, त्यातलं. बारीक काचेचे पांढरे मणी, त्यात हिरवे पोपट, मध्ये लाल कलश. दर दसऱ्याला दाराला लागायचं. मी जवळ गेलो की ती म्हणायची, "हात धुवन मगे लावा." यंदा घरात सण नाहीत, म्हणून ते ट्रंकेतच होतं.

बाईने पोपटांकडे बघितलंच नाही. तोरण उलटं केलं आणि दोरा न्याहाळत बसली. मी मनात म्हटलं, ही पोहोचलेली आहे. मणी परदेशी आहेत, कुठल्यातरी आणखी जुन्या तोरणातून काढलेले असतील, असं म्हणाली. ते खरं होतं, सासूबाईंच्या तोरणातले होते. दोरा गिरणीचा, सासरे सुताच्या खात्यात होते. तो आता जागोजागी कुजला होता. थोडे दिवस द्या, दोऱ्याला आधार देऊन परत आणते, पैसे नकोत, म्हणाली.

मी चौथी शिकलेला माणूस. पण फुकट काम करून देतो म्हणणारे गिरणी बंद पडली तेव्हा पुष्कळ बघितलेत. विचार करून सांगतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तोरण बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो. विकायला नाही, बाई खोटं काय बोलली ते कळावं म्हणून. दुकानदाराने एक मणी नखाने घासला, उजेडात धरला, माल असली आहे म्हणाला. मग गल्ल्याखालून ब्लेड काढलं.

"चाचा, धागा तो सड गया. काट के तौल लेता हूं."

त्याच्या मागे काचेच्या बरण्या होत्या, सुटे मणी भरलेल्या, रंग वेगवेगळे करून. माळा बनवणारे घेऊन जातात. कुणाकुणाची रुखवतं त्यात होती कोण जाणे. मी तोरण ओढून घेतलं. त्यात एक लड तुटलीच. मी खाली बसून मणी वेचले. तोही वेचू लागला, तेव्हा मी मण्यांपेक्षा त्याच्या मुठीकडेच जास्त बघितलं.

घरी येताना डोक्यात एकच. बाई दोरा बघत होती ती का? ती पुन्हा आली तेव्हा तोंडावरच विचारलं.

"दोरा कुठे कापायचा ते बघत होता काय?"

चिडली नाही. म्हणाली, "मणी कुणी दुसऱ्यांनी केले, काका. काकूंनी केलं ते सगळं दोऱ्यात आहे. दोरा कापला तर त्यांचं काय उरलं?"

गोड बोलणं. त्या दुकानदाराला असं बोलता आलं असतं तर माझं तोरण बरणीत गेलं असतं. मी सांगितलं, तोरण उंबऱ्याबाहेर जाणार नाही. काय करायचं ते इथे, माझ्या डोळ्यांदेखत. ती बरं म्हणाली.

मग ती जाळीचं बारीक कापड आणि सुई घेऊन आली आणि खिडकीपाशी बसली. जुना दोरा न ओढता त्याच्या मागे कापड शिवत होती. मी स्टूल घेऊन तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो. चहा केला नाही, पाठ फिरवावी लागली असती. शेवटी वहिनींनी आणून दिला आणि म्हणाल्या, "भावोजी, बाईला श्वास तरी घेऊ द्या."

काम झाल्यावर बाईने कागद काढला आणि करणारीचं नाव विचारलं. नाव कशाला? मेलेल्या माणसाच्या नावावर लोक काय काय करतात. ती म्हणाली, संग्रहालयात असल्या वस्तूंखाली काचेचे मणी, मुंबई, एवढंच लिहितात. बाईमाणसाचं नाव कुठेच नसतं.

मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. ते नाव मी ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मीच लिहिलं होतं. तोरण त्याच्या आधीचं. ते ओवलं तेव्हा ती माझी कुणी नव्हती, परळच्या एका खोलीतली, सुताच्या खात्यातल्या एका माणसाची लेक होती. तिच्या त्या आधीच्या नावाने तिला हाक मारणारं माणूस आता एकही उरलं नाही. मीही कधी मारली नाही.

"माहेरचं लिहा," म्हटलं, आणि सांगितलं.

तिने लिहिलं. मी तिला मोठ्याने वाचायला लावलं, मग अक्षरांवर बोट ठेवून स्वतः वाचलं. बरोबर होतं. इथे ते लिहीत नाही. वाचणारा कोण आहे, मला काय ठाऊक.