मागच्या गाडीत बसणारा माणूस

गॅरेजात काम केलेल्या माणसाकडे किस्से किती साठतात ते त्याचं त्यालाच माहीत नसतं. लग्नाबिग्नात कुणीतरी म्हणतं, "दत्तूकाका, ते टोचनचं सांगा की!" मी एक सांगायला घेतो आणि त्याच्या मागे बांधल्यासारखे आणखी चार ओढले जातात. ऐकणारे हसतात, मीही हसतो. पण राव, खरं सांगतो, सांगताना अजून तळहाताला घाम येतो.

बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणायची, याला आमच्यात टोचन म्हणतात. एकोणीसशे पन्नासच्या पुढची चार-पाच वर्षं मी हेच काम केलं. पिंपरीला तेव्हा कुठे कारखाने उभे राहायला लागले होते आणि चाकण म्हणजे नुसता कांदा-बटाट्याचा बाजार. आमचं गॅरेज चिंचवडजवळ, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. मालक बापूसाहेब, पुण्याचे, काळी टोपी आणि कोट. ड्रायव्हर गेनूभाऊ, चाकणजवळच्या खेड्यातला, लढाईत मिलिटरीचे ट्रक चालवून आलेला. आणि मी दत्तू, नगर जिल्ह्यातून पोटासाठी आलेला फिटर. लष्कराच्या भंगारातून घेतलेली एक लॉरी होती, तिच्या पाठीवर हाताने फिरवायची क्रेन. गेनूभाऊ ती लॉरी चालवायचा. आणि मागे बांधलेल्या बंद गाडीत स्टिअरिंग धरून बसायचो मी!

*

पहिल्याच दिवशी चाकणहून कांद्याचा ट्रक आणायचा होता. बापूसाहेब म्हणाले, "दत्तू, तू मागच्या गाडीत बस."

मी विचारलं, "ब्रेक लागतात का तिचे?"

"ब्रेक लागत असते तर आपल्याला बोलावलं असतं का?"

गेनूभाऊने घरून मोटेचा नाडा आणला होता. विहिरीतून पाणी ओढायचा जाड दोर. त्यानेच ट्रक बांधायचा. मी म्हटलं, "गेनूभाऊ, हा तुटला तर?"

"हिरीवर कंदी तुटला न्हाई."

"विहिरीवर मोट असते हो त्याला. इथं मी आहे!"

त्याने क्षणभर विचार केला आणि आणखी एक गाठ मारली. बापूसाहेब म्हणाले, "बघ, किती काळजी घेतो तुझी!"

मोशी ओलांडली आणि नाडा तुटला. ट्रक रस्त्याच्या कडेला चारीत उतरून थांबला. मी ओरडलो, हात हलवले, पण गेनूभाऊची लॉरी धुरळा उडवत दिसेनाशी झाली. दीड तास मी कांद्याच्या वासात बसून होतो. तेवढ्या वेळात त्याने भोसरी गाठली, हॉटेलात चहा घेतला, भजी खाल्ली, आणि बाहेर येऊन बघतो तर मागे काहीच नाही! परत आला तेव्हा हसत म्हणाला, "मला वाटलं, गाडी आज लई हलकी चाललीया!"

*

मग बापूसाहेबांनी खुणा ठरवल्या. मागच्याने एक हॉर्न दिला तर सावकाश, दोन दिले तर थांब. उत्तम! फक्त बंद गाडीची बॅटरीच मेलेली असायची, मग हॉर्न वाजणार कसा? बापूसाहेब म्हणाले, "घरून एखादं ताट आण. बडव."

मी बायकोच्या रुखवतातलं पितळी ताट आणलं.

निगडीवरून एक छोटा ट्रक आणत होतो. मध्येच पुढचं डावं चाक थरथरायला लागलं. मग हलायला लागलं. मग उघडउघड नाचायला लागलं! एका हाताने स्टिअरिंग धरून मी दुसऱ्या हाताने ताट बडवत होतो. गेनूभाऊने खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. मला वाटलं, कळलं. त्याने वेग वाढवला!

आकुर्डीला तो बिडी ओढायला थांबला म्हणून वाचलो. खाली उतरून पाहिलं. चाकाचे चार नट गळून पडले होते. एक राहिला होता, तोही बोटाने फिरत होता.

"मी ताट बडवत होतो, ऐकू आलं नाही?"

"आलं की! बेस वाजवत हुतास."

संध्याकाळी बायकोने ताट हातात घेऊन विचारलं, "याला एवढे पोचे कसे पडले?" मी म्हटलं, "हातातून निसटलं." तिला नुकते दिवस गेले होते. तिच्याशी खोटं बोलायची ती पहिली वेळ.

*

एकदा देहूरोडजवळ वऱ्हाडाची बस बंद पडली. क्रेनने बसचं तोंड उचललं तर आमच्याच लॉरीची पुढची चाकं जमिनीवरून सुटायला लागली! स्टिअरिंग फिरवलं तरी लॉरी सरळच जाणार, कारण चाकांवर भारच नाही.

योगायोगाने बापूसाहेब त्या दिवशी सोबत होते. त्यांनी वऱ्हाडाकडे नजर टाकली. "वजन पाहिजे ना? अंगाने भरलेली तीन माणसं बॉनेटवर बसवा."

नवरदेवाचे मामा सगळ्यात भरलेले. ते पुढच्या मडगार्डवर बसले, पाय खाली सोडून. मी मागे बसमध्ये, मला समोर क्रेनशिवाय काही दिसत नव्हतं. एका वळणावर किंकाळी ऐकू आली. कुणीतरी चाकाखाली गेलं, एवढंच डोक्यात आलं.

गेलं होतं ते मामांचं धोतर. चाकात अडकलं, ओढलं गेलं, आणि नशिबाने फाटलं. मामा बॉनेटला पालीसारखे चिकटलेले, चेहरा पांढरा. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी माझी ग्रीसने माखलेली खाकी विजार काढून त्यांना दिली. अक्षता पडल्या तेव्हा मामा मांडवात माझ्या विजारीत उभे होते, आणि मी बसमध्ये कुणाचीतरी घोंगडी गुंडाळून!

बापूसाहेबांनी एवढंच विचारलं, "वजन पुरलं ना? मग झालं तर."

*

नाशिक फाट्यावर एका हवालदाराने आम्हाला अडवलं. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! मनात म्हटलं, पकड बाबा, एकदाचं पकड. हे बंद कर.

"दोन गाड्या, आणि दिवा नाही, लाल फडकं नाही, काही नाही?" हवालदार गरजले.

गेनूभाऊ अगदी शांतपणे म्हणाला, "दोन कुठं सायेब? ही एकच गाडी हाय. मदी जरा लांब हाय!"

हवालदार इतके हसले की रागवायचं विसरले. वर म्हणाले, "मला पिंपरीपर्यंत सोडा," आणि येऊन माझ्याच शेजारी बसले. गाडी निघाली. मी म्हटलं, "हवालदारसाहेब, एक सांगायचं राहिलं. हिला ब्रेक नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोरच्या दोराकडे पाहिलं. आणि चालत्या गाडीतून उडी मारली!

*

हा पुढचा किस्सा मी लग्नात सांगत नाही.

रेल्वेच्या फाटकात, बरोबर रुळांवर माझी गाडी असताना गाठ सुटली. गेनूभाऊची लॉरी पुढे गेली. माझी मोटार जागच्या जागी उभी राहिली. फाटकवाला धावत आला. "गाडी येतीय! उतरा! पळा!"

मी उतरलो नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिलो आणि ओरडत राहिलो, "ढकला! ढकला!" फाटकाबाहेर दोन शेतकरी बैलगाड्या घेऊन उभे होते. ते आणि फाटकवाला, तिघांनी खांदा लावला. पुढची चाकं रुळावर अडली. मागे झाली. पुन्हा अडली. तिसऱ्या वेळी पार झाली. आम्ही पलीकडे जाऊन दहा पावलं चाललो असू, तेवढ्यात आगगाडी गेली. तिच्या वाऱ्याने फाटकवाल्याची टोपी उडाली.

त्याने ती उचलली. म्हणाला, "येड्या, तू उतरून पळाला का न्हाईस?"

मी म्हटलं, "मालकांनी सांगितलंय, गाडी सोडायची नाही."

माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मला लाज वाटली. घरी बायको सातव्या महिन्यात होती. त्या दिवसाची बातमी कुणीतरी तिच्यापर्यंत पोचवली. तेव्हापासून ती रोज दारातच विचारायची, "आज पुढं होतात की मागं?"

मी रोज सांगायचो, "पुढं."

*

आणि एकदा मी खरंच पुढे होतो.

रेडिएटरचं उकळतं पाणी सांडून गेनूभाऊचा उजवा पाय भाजला होता. पायाला फडकं बांधलेलं, पेडल दाबता येईना. चाकणहून बटाट्याचा भरलेला ट्रक आणायचा होता. बापूसाहेब म्हणाले, "दत्तू, तू लॉरी चालव. गेनू मागे बसेल. मागच्या गाडीत पायाला काय काम?" माझ्याकडे लायसन आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. नव्हतं.

गेनूभाऊ लंगडत लंगडत ट्रकमध्ये चढला. मग खाली उतरला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा चढला. मग परत उतरला.

"काय झालं गेनूभाऊ?"

"काय न्हाई. चल."

इंद्रायणीच्या पुलाकडे उतार लागतो. निम्मा उतार उतरलो आणि आरशात पाहिलं. ट्रक मोठा मोठा होत होता. दोर सैल पडून जमिनीवरून घासत होता. भरलेला ट्रक, ब्रेक नाहीत. मी वेग वाढवला, तसा तोही वाढला. आणि समोर पुलाच्या तोंडाशी कडब्याने भरलेली बैलगाडी. वर एक बाई, तिच्या मांडीवर लेकरू.

वेग वाढवून उपयोग नव्हता. बाजूला व्हावं तर ट्रक सरळ बैलगाडीवर जाणार. मी लॉरी रस्त्याच्या बरोबर मधे घेतली आणि ब्रेकवर पाय ठेवला. एकदम नाही, थोडा थोडा. आरशात आता फक्त ट्रकचं तोंड होतं, आणि काचेआड गेनूभाऊचा चेहरा. मी मान आत ओढली.

धाडकन ट्रक येऊन आदळला! लॉरी पुढे ढकलली गेली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. लायनिंग जळाल्याचा वास आला, चाकं किंचाळली, आणि दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून घसरत घसरत थांबल्या. बैलगाडी वीस पावलांवर होती. बैलांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी धावत मागे गेलो. गेनूभाऊ स्टिअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता. भाजलेला पाय त्याने खालच्या फळीवर इतका दाबून धरला होता की फडक्यातून रक्त आलं होतं.

"गेनूभाऊ, उतरा."

"थांब जरा."

मी थांबलो. स्टिअरिंग न सोडताच त्याने विचारलं, "किती वर्सं बसतोस रं तू हितं?"

"तीन झाली."

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी लॉरीच्या मागचा पोचा बघून विचारलं, "काय रे, हे कसं झालं?" गेनूभाऊ हातोडी घेऊन पोचा काढायला लागला.

पंधरा दिवसांनी त्याचा पाय बरा झाला. खेडच्या रस्त्यावर एक ट्रक बंद पडला होता, आम्ही गेलो. दोर बांधून झाला. मी सवयीने मागच्या गाडीचं दार उघडलं, तर आत गेनूभाऊ बसलेला.

"पाय बरा झाला ना?" मी विचारलं.

"झाला."

"मग?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघत म्हणाला, "म्होरं जा दत्तू. आन् सावकाश ने."