माटोळीतलं डाळिंब

माझ्या मुलीचं लाकडी डाळिंब सावंतवाडीचं. नवऱ्याच्या लहानपणी सासऱ्यांनी आणलेलं. लाल रंग उडून ते तपकिरी झालं होतं आणि वरचा तुरा नवऱ्यानेच दात येताना चावून संपवला होता. मुलगी पाच वर्षांची. त्याच्याशिवाय जेवायची नाही, झोपायची तर नाहीच.

तिच्या बालवाडीतून एकदा चित्रांचं पुस्तक घरी आलं. एका मुलीच्या जुन्या कापडी हत्तीचं. पानापानावर तो थोडा थोडा विटत जातो, कान फाटतो, तिची आई तो शिवते, बस्स. मला काही ते पटलं नाही. म्हटलं, ही काय गोष्ट झाली! पण मुलीने डोक्यावर घेतलं ते पुस्तक. रोज डाळिंबाला समोर बसवून चित्रं दाखवायची. "ह्याचो रंग खंय गेलो?" तिने एकदा हत्तीवर बोट ठेवून विचारलं. "त्याच्या पोरीच्या हातांना लागला असेल," मी पोळी लाटता लाटता म्हणाले. तिने स्वतःचे तळवे निरखून पाहिले.

गणपतीची चवथ आली. आमच्या पेडण्याच्या घरी माटोळी, म्हणजे देवाच्या डोक्यावर टांगायची फळांची चौकट, सासरेच बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरंजन, रानातली फळं. यंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ! मुलीने आदल्या दिवशी डाळिंब फळांच्या टोपलीत ठेवलं होतं, "त्याका दोस्त मेळूंदेत" म्हणून. सासऱ्यांच्या हाताला ते कठीण, गोल लागलं. बेलफळ समजून त्यांनी काथ्याने घट्ट आवळून टांगलं.

पूजा झाली, आरती झाली, तेव्हा माझं लक्ष वर गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, अहो पोरीचं खेळणं ते! काढा आधी!"

सासरे मटकन खाली बसले. पूजा झाली की विसर्जनापर्यंत माटोळीला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ती मोडणार कोण? पानं वाढली, तरी ते उठेनात. "इतकी वर्सां माटोळी बांधतंय," ते पुटपुटले, "आणि आज देवाक खोटां फळ बांधलंय गो मी." म्हातारा माणूस, ढसाढसा रडायला लागला. माझा सगळा राग उतरला, आणि भीतीच वाटली. वर्षाच्या सणाला हे उपाशी राहिले तर?

आता मुलगी भोकाड पसरणार, म्हणून मी तिला शोधलं. ती माटोळीखाली उताणी पडली होती. दोन्ही हातांनी पुस्तक वर धरून डाळिंबाला चित्रं दाखवत होती. आमचं बोलणं ऐकून उठून बसली.

"आजो, खोटां खंय?" ती म्हणाली. "माजां तां."

सासऱ्यांनी मान वर केली.

मी तिला जवळ घेतलं. "मग आज झोपताना नको तुला?"

"होयां." तिने पुस्तक छातीशी धरलं. "पण आज देवाकडे ऱ्हांवदे."

सासऱ्यांनी डोळे पुसले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाढ गो पान."

ती त्यांच्या शेजारीच बसली. घास घ्यायची, वर बघायची, डोळे भरून यायचे, पुन्हा घास घ्यायची. पण "काढून द्या" म्हणून एकदाही म्हणाली नाही.

मी वाढता वाढता थांबले. आजवर देवाला किती हार घातले, किती नारळ फोडले. त्यातलं काहीही वाहिल्यावर मला कधी असं वर बघत घास गिळावा लागला नव्हता.