येसूची दोन सासरं

बारामतीच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची बाटली, नाशिकहून घेतलेला चिवडा आणि पुण्याच्या दप्तरखान्यातून मिळवलेली एका जुन्या निकालाची नक्कल. निकाल मोडीतला. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तो देवनागरीत उतरवून दिला होता. बारामतीच्या मुन्सफापुढे (दिवाणी न्यायाधीश) चाललेला हा दावा माझ्या खापरपणजीने, येसूने लावला होता.

आमचं मूळ घर बारामतीजवळच्या सांगवीचं. वडील नोकरीसाठी नाशिकला गेले, मी तिथेच वाढले, तिथल्याच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. येसूबद्दल घरात एवढंच बोललं जाई, की ती तरुणपणी विधवा झाली, इंदापूरकडच्या कुणा राणूशी तिने पाट लावला (विधवेचं दुसरं लग्न) आणि अंगावरचं पोर सासरी टाकून निघून गेली. ते पोर म्हणजे माझे पणजोबा. आमच्यात कुठल्याच मुलीचं नाव येसू ठेवत नाहीत. एखादी सून माहेरी जरा जास्त राहिली, तरी बायका येसूचं उदाहरण देत.

तिने कोर्टात दावा लावला होता, हे मात्र कुणी कधी बोललं नव्हतं.

बारामतीहून फलटणच्या एसटीत बसले. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच टोमॅटोचे मांडव, कालव्याचं संथ पाणी. येसूच्या लहानपणी हा कालवा नव्हता. ही सगळी जमीन तेव्हा पावसाच्या भरवशावर असणार, असा विचार करता करता डुलकी लागली. जाग आली ती नीरेच्या पुलाच्या दणक्याने. सांगवी मागे पडली होती. कंडक्टर वैतागून म्हणाला, "मावशी, सांगवी सांगवी वरडून घसा बसला माझा!" पुलापलीकडे उतरून रिक्षाने माघारी आले.

तात्या वाट बघत ओसरीवर बसले होते. हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पंच्याऐंशीच्या घरातले, पण आवाज खणखणीत. काकूंनी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा वाढला. जेवणं झाल्यावर मी कागद काढले.

"कुनाचं हाय ते?" तात्यांनी विचारलं.

"येसूचं."

त्यांचा चेहरा बदलला. "तिचं काय वाचायचं? पोर टाकून गेली ती. माझ्या आज्याला दुसऱ्याच्या दारात वाढावं लागलं. चुलतीनं उष्टं घातलं त्येला."

"तात्या, एकदा ऐका तरी."

मी वाचायला लागले. येसूने मुन्सफाला सांगितलं होतं की मी पोर टाकलं नाही, दिराने ठेवून घेतलं. मला शेत नको, घर नको, मुलगा तेवढा द्यावा. दिराचं म्हणणं, पाट लावलेल्या बाईचा या घरातल्या कशावरही हक्क नाही. हे सगळं चालेपर्यंत मूल मोठं झालं होतं. मुन्सफाने त्याला समोर आणवलं आणि आईकडे जा म्हणून सांगितलं. मूल रडत चुलत्याच्या धोतराला बिलगलं. "मुलगा बाईस ओळखीत नाही," असं निकालात लिहिलं होतं, आणि म्हणून ताबा चुलत्याकडे.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. तात्या उठून गोठ्याकडे गेले. बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, "कागदाचं काय सांगावं. वकील शिकवतील तसं मानूस बोलतंय."

मला वाईट वाटलं, पण रागावता येईना. आयुष्यभर मनात धरलेली गोष्ट दोन पानांनी कशी पुसली जावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरची गाडी धरली. जसजसं पूर्वेला जावं तसा ऊस विरळ होतो, माळ उघडे पडतात, डाळिंबाच्या बागा लागतात. मुन्सफापुढे उभं राहायला येसू याच वाटेने आली असणार, बैलगाडीने नाहीतर पायी. निकाल ऐकून याच वाटेने परत गेली असणार. खिडकीतून मी माळ बघत राहिले.

इंदापुरात स्टँडजवळच्या खाणावळीत चिलापीचं (उजनीच्या पाण्यातला मासा) झणझणीत कालवण खाल्लं आणि मालकाला निकालातल्या गावाचं नाव विचारलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या घरच्यांनी तशी विनंती केली आहे.

"त्ये गाव व्हय? त्ये धरनात गेलं की," तो म्हणाला. "आता वर माळावर बसलंय. जीप मिळंल तुमाला."

जीपमधून उतरले तर समोर नवं गाव आणि त्याच्या खाली लांबवर पसरलेलं उजनीचं पाणी. काठाच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. येसूचं दुसरं सासर त्या पाण्याखाली कुठेतरी होतं.

पिठाच्या गिरणीत एक बाई दळण घेऊन बसली होती. राणूच्या वंशातलं कुणी आहे का, म्हणून तिला विचारलं.

"राणूबाबाची भावकी म्हंजी धाकट्याची मंडळी. ती बघा, पान्याच्या टाकीमागं."

टाकीमागच्या घरात माझ्याच वयाचे विलासराव आणि त्यांच्या आई हौसाबाई होत्या. माझं नाव-गाव सांगितलं, सांगवीच्या तात्यांकडून येसूची माहिती काढायला आले म्हटलं. सांगवीचं नाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं. राणूबाबाची बायको येसू, एवढं मात्र माहीत होतं. चहा आला. सांगवीत राहिलेल्या मुलाचा विषय एकदम कसा काढावा कळेना, म्हणून मी आधी सहज विचारलं, "तुम्हाला धाकट्याची मंडळी का म्हणतात?"

विलासराव हसले. "आमच्या पणज्याला समदं गाव धाकटा म्हनायचं. पर त्यो येकुलता येक. थोरला कोन, ह्येचा पत्त्या न्हाय. लोकं चेष्टा करत्यात आमची."

"चेष्टा कशाची?" हौसाबाई म्हणाल्या. "माज्या आजेसासूनं सांगितल्यालं हाय मला. तिनं येसूबाईला बघितल्याली, सासूच व्हती तिची. येसूबाई पोराला नावानं कदी हाक मारायची न्हाय. धाकट्या, म्हनायची. कुनी इचारलं थोरला कुठं हाय, तर मावळतीकडं हात करायची. आमाला वाटायचं, मेलं असंल पोरगं."

भूगोल शिकवण्यात माझी सगळी हयात गेली. इंदापूरच्या मावळतीला काय आहे, ते मला नकाशा न बघता सांगता येतं.

"मेला नाही," मी म्हणाले. "सांगवीला होता. म्हातारा होऊन गेला. मी त्याची पणती."

हौसाबाई उठल्या. आधी माझ्या गालांवरून हात फिरवून त्यांनी बोटं मोडली आणि मग पदरात तोंड घालून रडल्या. विलासरावांनी मोबाइल माझ्यापुढे केला. म्हणाले, "तात्यांचा नंबर द्या."

मी नंबर लावून दिला आणि स्पीकर चालू केला. विलासरावांनी आपलं गाव सांगितलं, येसूबाईचं नाव सांगितलं, आईच्या आजेसासूची गोष्ट जशी ऐकली होती तशी सांगितली.

मग तात्यांचा आवाज आला. "म्हंजी आईनं त्येला थोरला म्हनूनच मोजला."

"व्हय, तात्या. मरस्तवर."

"आन् त्यो बिचारा आईनं टाकलं समजूनच मेला." मग नेहमीच्या खणखणीत आवाजात, "कदी येताय मंडळी? म्हातारीलाबी आना."

नाशिकच्या परतीच्या गाडीत मी निकाल पुन्हा वाचला. मुन्सफाने समोर दिसलं ते लिहिलं होतं. मूल खरंच तिला ओळखत नव्हतं. येसू दावा हरली आणि घरी जाऊन तिने दुसऱ्या मुलाला धाकटा म्हटलं, रोज, आयुष्यभर. ते ऐकायला तिचा थोरला कधीच तिथे नव्हता, याचं वाईट वाटत राहिलं. मोबाइल वाजला. काकू विचारत होत्या, इंदापूरची माणसं गोड काय खातात, पुरणपोळी की शेवयांची खीर?