दारातली चप्पल

आमचे भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, पुस्तकं बांधायचे. जुनी कादंबरी उसवायची, पुन्हा शिवायची, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. उसवता उसवता वाचून काढायचे आणि शेवट गल्लीभर सांगत सुटायचे. लोक त्यांना 'शेवटमास्तर' म्हणत. मेल्याला त्याचाही अभिमान!

ताई आजारी पडली, ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. तेव्हा भावोजी तिच्या उशाशी बसून एक भुताटकीची कादंबरी वाचून दाखवत होते. डोंगरावरचं जुनं दगडी घर, त्यात आलेली नवी नवरी.

"नवरी वाचते का हो शेवटी?" ताईने विचारलं. ती कुणाबद्दल विचारतेय ते मला दारातून कळलं. यांना शेजारी बसून कळलं नाही.

"कसली वाचतेय!" भावोजी रंगात आले. "सुरुवातीलाच बघ, कुत्रं तिच्या खोलीत पाऊल टाकत नाही. मग नवरा तिच्या आरशावर चादर टाकतो. घरात वावरणाऱ्या बाईचा आरसा कुणी झाकतं का? लेखक काही बोलत नाही, पण त्या घराला आधीच ठाऊक असतं. तिथेच मेली ती!"

ताईने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "अहो, दारातली माझी चप्पल कुठे गेली?"

भावोजींचं तोंड एवढंसं झालं. चप्पल त्यांनी माळ्यावर टाकली होती. "पायात येत होती," म्हणाले. असा संताप आला मला!

ऑपरेशनला ताई अनवाणी गेली. मी माझी चप्पल देऊ केली, तर घेतली नाही. आणि वाचली की! चांगली ठणठणीत झाली. घरी आल्यावर तिने चप्पल स्वतः खाली काढली, पुसली, दारात ठेवली. नवऱ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता भावोजींनी अंथरूण धरलंय. काल मी भेटायला गेले, तर दारात एकट्या ताईचीच चप्पल.

"भावोजींची कुठेय गं?"

"पायात येत होती," ताई म्हणाली.

आत जाऊन ती त्यांच्या उशाशी बसली, तीच कादंबरी मांडीवर घेतली. भावोजींची नजर उंबऱ्याकडे गेली, तिथून माळ्याकडे. त्यांनी ताईचा हात घट्ट धरला.

"मी वाचेन ना गं?"

"तुम्ही कशाला? मी वाचेन," ताईने हात सोडवून पहिलं पान उघडलं. "तुम्ही नुसतं ऐका."